तुटक रेषेची चौकट : मुक्त संगीत-आज्ञावली आणि तिचे पूरक संच



संगणकावर संगीत घडविणाऱ्या कलावंताला एक दृश्य परिचयाचे असते. पाच-सात वर्षांपूर्वी रचलेली कृती तो नव्या संगणकावर उघडतो. पडद्यावर चौकटी उमटतात, त्यांना जोडणाऱ्या तारा उमटतात. परंतु काही चौकटींच्या कडा अखंड नसतात, तुटक असतात. संदेशपटलावर एक रूक्ष ओळ येते : अमुक घटक निर्माण करता आला नाही. ध्वनी निघत नाही. रचना कोणी बिघडवलेली नसते. मूळ आज्ञावलीही उत्तम चालत असते. हरवलेले असते ते या दोहोंच्या मधले काहीतरी, आणि ते मधले काहीतरी कोण बांधतो, कोण वाटतो, कोण सांभाळतो, हा आजचा विषय आहे. विषय तांत्रिक भासेल. परंतु कलाकृतीचे आयुष्य किती, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नव्हे.

उदाहरणादाखल 'प्युअर डेटा' ही आज्ञावली घेऊ. जाणकार तिला 'पीडी' म्हणतात. तिचे कर्ते मिलर पकेट हे मूळचे गणिती. १९८० च्या दशकात पॅरिसच्या 'इरकाम' या संगीत-संशोधन संस्थेत त्यांनी 'मॅक्स' ही आज्ञावली सिद्ध केली. संगणक-संगीताचे आद्य पुरुष मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. ओळीमागून ओळी लिहिण्याऐवजी चौकटी मांडाव्यात, त्या तारांनी जोडाव्यात आणि त्या जोडणीतूनच वाद्य तयार व्हावे, ही तिची कल्पना. अशा जोडणीला 'पॅच' म्हणतात. पुढे मॅक्स व्यापारी उत्पादन झाली. पकेट अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो येथील शाखेत गेले आणि १९९६ साली त्यांनी त्याच कल्पनेवर नवी आज्ञावली लिहून ती मुक्त परवान्याखाली जगाला दिली. तीच पीडी. कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, विकावीसुद्धा. मूळ कर्त्याचे नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवला म्हणजे झाले.

पकेट यांना या खटाटोपाची निकड का भासली असावी, हे समजण्यासाठी एक जुनी हकिकत उपयोगी पडते. फ्रेंच रचनाकार फिलिप मनुरी यांनी १९८७ साली बासरी आणि संगणक यांच्यासाठी 'ज्युपिटर' आणि १९८८ साली पियानो आणि संगणक यांच्यासाठी 'प्लुटॉन' या कृती इरकाममध्ये रचल्या. वादक वाजवीत असताना संगणक त्याच क्षणी त्याला प्रतिसाद देत असे. तो ध्वनी निर्माण करणारे यंत्र होते 'फोर-एक्स', इरकामनेच बनवलेले. काही वर्षांत ते यंत्र कालबाह्य झाले. त्याच्या जागी नेक्स्ट संगणकात बसवायची नवी ध्वनियंत्रणा आली, तीही गेली. बासरीची स्वरलिपी कागदावर सुरक्षित होती, परंतु कृतीचा अर्धा देह यंत्रासोबत अडगळीत पडण्याची वेळ आली. २००१ च्या सुमारास पकेट यांनी या व अशा काही कृतींचा संगणकीय भाग पीडीमध्ये नव्याने उभा केला आणि तो सर्वांना खुला केला. यंत्र बदलले तरी कृती वाजावी, हा त्यामागचा हेतू. स्वतः पीडीमध्येही जुन्या आवृत्तीप्रमाणे वागण्याची आज्ञा देण्याची सोय त्यांनी ठेवली आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा पॅच आज तसाच उघडावा, याबाबत हा गृहस्थ कमालीचा हट्टी आहे, आणि हा हट्ट कौतुकास पात्र आहे.

परंतु या हट्टाची एक किंमत आहे. जे जन्मभर सांभाळायचे ते थोडेच असावे लागते. म्हणून मूळ पीडीत घटक मोजके आहेत. बाकीचे ज्याने-त्याने बाहेरून आणावे. या बाहेरून आणलेल्या घटकांना 'एक्स्टर्नल' असे नाव आहे, आणि एका कर्त्याने एकत्र बांधलेल्या अशा घटकांचा समूह म्हणजे लायब्ररी, आपल्या भाषेत पूरक संच. ऑस्ट्रियातील ग्राझच्या संगीत विद्यापीठातून आलेले 'झेक्सी' आणि 'आयईएमलिब', मॅक्समधील घटकांची प्रतिरूपे पीडीत आणणारा 'सायक्लोन', चित्र आणि चलच्चित्र हाताळणारा 'जेम' ही त्यातली जुनी आणि मान्यवर नावे. यांच्याविना अनेकांचे पॅच उभेच राहत नाहीत.

येथून अडचण सुरू होते. काही पूरक घटक पीडीच्याच चौकटींत रचलेले असतात. ती साधी मजकुराची फाईल असते, कोणत्याही संगणकावर चालते. परंतु बहुतेक महत्त्वाचे घटक सी या भाषेत लिहिलेले असतात आणि ते प्रत्येक यंत्रासाठी वेगळे कंपाइल करावे लागतात. विंडोजसाठी एक, मॅकसाठी दुसरे, लिनक्ससाठी तिसरे. त्यातही प्रोसेसरचे कुळ निराळे : इंटेलचे वेगळे, रास्पबेरी पाय या हाताएवढ्या संगणकातले वेगळे. २०१९ साली ॲपलने मॅकवर ३२-बिट आज्ञावल्या चालविणे बंद केले, तेव्हा त्या काळचे कितीतरी जुने संच एका रात्रीत मुके झाले. २०२० च्या नोव्हेंबरात त्याच कंपनीने स्वतःच्या प्रोसेसरचे संगणक बाजारात आणले; इंटेलसाठी बांधलेला संच त्या प्रोसेसरसाठी बांधलेल्या पीडीत शिरत नाही. सी भाषेतील मूळ लेखनात एक अक्षर चुकलेले नसते, तरी चौकट तुटकच राहते. तंबोरा कितीही सुरेल असला तरी तो मैफलीच्या ठिकाणी धडपणे पोहोचला नाही, तर गायकाने काय करावे?

या अडचणीवर पहिला मोठा उपाय 'पीडी-एक्स्टेंडेड' या नावाने झाला. हान्स-क्रिस्टॉफ स्टायनर यांनी जगभरच्या कर्त्यांचे संच एका भांडारात गोळा केले, तिन्ही प्रमुख प्रणालींसाठी ते बांधले आणि मूळ पीडीसकट एकच मोठे गाठोडे तयार केले. विद्यार्थ्याने ते एकदा उतरवून घेतले की सारे काही हाताशी. २००० च्या दशकात असंख्य कार्यशाळांमधून, कलाशाळांमधून पीडी शिकवली गेली ती या गाठोड्याच्या आधाराने. पीडीचा प्रसार करण्यात या कामाचा वाटा मोठा आहे, हे निर्विवाद.

मात्र गाठोड्याचे दोष हळूहळू दिसू लागले. त्यात अनेक संच आपोआप सुरू होत असत. त्यामुळे कोणता घटक मूळ पीडीचा आणि कोणता कोणाच्या संचातला, हे शिकणाऱ्याला कळतच नसे. तो निर्धास्तपणे पॅच रचत जाई. तोच पॅच मूळ पीडीत उघडला की निम्म्या चौकटी तुटक. नावांचा गोंधळ आणखी निराळा. 'प्रीपेंड' नावाचा घटक सायक्लोनमध्ये आहे आणि आयईएमलिबमध्येही आहे. दोघांचे वर्तन एकसारखे नाही. मग नुसते 'प्रीपेंड' लिहिले तर कोणता येणार? ज्याची वर्दी आधी लागली तो. एकाच गावात एकाच नावाची दोन घरे असली तर पत्र ज्याच्या दारात आधी पडेल त्याचे, अशातला हा प्रकार.

आणि सर्वांत मोठा दोष माणसाच्या मर्यादेचा होता. डझनावारी संच, त्यांचे स्वतंत्र कर्ते, प्रत्येकाचा आपापला वेग, मूळ पीडीची सतत पुढे जाणारी आवृत्ती, आणि हे सारे तीन प्रणालींवर जुळवून घेण्याचा भार मुख्यतः एका माणसाच्या खांद्यावर. लेखन करणाऱ्याचे नाव संचावर झळकते. तो बांधून, तपासून घरोघरी पोहोचवणाऱ्याचे नाव क्वचितच कोणी घेते. २०१३ साली पीडी-एक्स्टेंडेडची शेवटची आवृत्ती निघाली, ०.४३.४ या क्रमांकाची. त्यानंतर काम थांबले. त्याबद्दल स्टायनर यांना दोष देणे अन्यायाचे होईल. जे काम एका व्यक्तीच्या निष्ठेवर उभे असते ते त्या व्यक्तीच्या विश्रांतीबरोबर थांबते, आणि विश्रांतीचा हक्क सर्वांना आहे.

मग दुसरा मार्ग आला. ख्रिस मॅककॉर्मिक यांनी 'डेकेन' नावाचे एक छोटे साधन सुरू केले आणि ग्राझचे योहानेस स्मॉल्निग यांनी ते पुढे नेले. २०१६ साली पीडीच्या ०.४७ या आवृत्तीत ते मूळ आज्ञावलीतच समाविष्ट झाले. त्यातील विचार उलट दिशेचा आहे : एका माणसाने सर्वांचे गाठोडे वाहायचे नाही; प्रत्येक कर्त्याने आपला संच आपण बांधावा आणि सार्वजनिक भांडारात ठेवावा. वापरणाऱ्याने पीडीतूनच नाव शोधावे, यादीतून आपल्या यंत्राला योग्य तो संच निवडावा, आणि तो एका टिचकीसरशी योग्य जागी उतरावा.

डेकेनची खरी हुशारी त्याच्या साधेपणात आहे. संचाच्या फाईलचे नावच त्याची कुंडली असते. प्रथम संचाचे नाव, मग चौकोनी कंसात आवृत्ती, मग गोल कंसात प्रणाली, प्रोसेसर आणि एक आकडा : ३२ किंवा ६४. हा आकडा पीडी संख्या किती अचूकतेने साठवते ते सांगतो. दुप्पट अचूकतेची पीडी वापरणाऱ्याला ३२ चा संच चालत नाही, त्याच्यासाठी वेगळा बांधावा लागतो. फाईल म्हणजे आतून साधी झिप. ना अवजड माहितीकोश, ना गुंतागुंतीची नियमावली. नाव वाचूनच यंत्राला कळते की हा संच आपला की परका.

फाईलसोबत दोन गोष्टी जोडल्या जातात. एक तपासणी-आकडा; वाटेत फाईल अपुरी उतरली किंवा बदलली गेली तर तो जुळत नाही. दुसरी कर्त्याची अंकीय स्वाक्षरी. आणि एक तिसरी अट आहे, ती या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची म्हणावी लागेल. कंपाइल केलेला संच भांडारात चढवताना सोबत मूळ लेखन दिले नसेल, तर चढवण्याचे साधन अडवते. अट ओलांडण्याची पळवाट आहे, पण ती मुद्दाम, समजून-उमजून वापरावी लागते. या एका अटीमुळे पुढच्या पिढीच्या हातात केवळ बंद डबा न पडता पाककृतीही पडते. जुने यंत्र गेले, कर्ता दुसऱ्या उद्योगाला लागला, तरी नव्या यंत्रासाठी तो संच पुन्हा बांधणे कोणालाही शक्य राहते.

बांधणीचे काम सुकर करणाऱ्या आणखी एका साधनाचा उल्लेख करायलाच हवा. कात्या वेटर यांनी लिहिलेला 'पीडी-लिब-बिल्डर'. पूर्वी प्रत्येक कर्ता आपल्या संचासाठी बांधणीच्या सूचना स्वतःच्या पद्धतीने लिहीत असे. त्या दुसऱ्याच्या संगणकावर चालतील याची शाश्वती नसे. आता संचाचे नाव, मूळ फाईलींची यादी आणि सोबत द्यायच्या फाईली एवढे चार ओळींत सांगितले की उरलेले काम हे साधन करते. असल्या कामाला टाळ्या पडत नाहीत.

डेकेनने एक शिस्तही आणली. संच उतरवला म्हणजे तो आपोआप सुरू होत नाही. पॅचमध्येच 'डिक्लेअर' या घटकाने स्पष्ट लिहावे लागते की येथे अमुक संच वापरला आहे. नवख्याला हा जाच वाटतो. परंतु पाच वर्षांनी तो पॅच उघडणाऱ्या अनोळखी माणसाला त्या एका ओळीतून कळते की काय काय आणावे लागेल. आणि नावांचा घोळ टाळायचा असेल तर घटकाच्या आधी संचाचे नाव लिहिण्याची सोय आहेच : सायक्लोनचा प्रीपेंड, असे.

आता या व्यवस्थेची दुर्बल बाजू. भांडारात नोंदणी केलेला कोणीही संच चढवू शकतो, द्वारपाल नाही. कंपाइल केलेला घटक पीडीच्या आत शिरला की वापरणाऱ्याला जे अधिकार ते त्यालाही. स्वाक्षरी कर्ता कोण ते सांगते, कर्ता सज्जन आहे की नाही हे सांगत नाही. छोट्या, परस्परांना ओळखणाऱ्या समाजात हे निभते. डेबियनसारख्या लिनक्स वितरणात याच्या नेमके उलट असते. तेथील स्वयंसेवक मूळ लेखन पाहतात, परवाना तपासतात, आणि बांधणी डेबियनच्या स्वतःच्या यंत्रांवर होते. झेक्सी, जेम यांसारखे पीडीचे अनेक संच तेथे अशा रीतीने उपलब्ध आहेत. विश्वास अधिक, पण स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि मधल्या काळात संच जिथल्या तिथे थांबतात. विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्याला तर त्याचा उपयोगच नाही.

दुसऱ्या एका मुक्त संगीत-आज्ञावलीचा दाखला येथे घेण्याजोगा आहे. जेम्स मॅकार्टनी यांची 'सुपरकोलायडर' १९९६ साली आली आणि २००२ साली मुक्त झाली. तिच्या पूरक संचांना 'क्वार्क' म्हणतात. क्वार्कमध्ये केवळ त्या भाषेतील मजकूर असतो, यंत्रासाठी कंपाइल केलेले काही नसते. म्हणून तो 'गिट' या साधनाने सरळ मूळ ठिकाणाहून उतरतो आणि सर्वत्र चालतो. ध्वनी निर्माण करणारे कंपाइल केलेले घटक मात्र वेगळ्या संचातून, वेगळ्या मार्गाने घ्यावे लागतात. म्हणजे मजकूर सहज प्रवास करतो, यंत्रभाषा अडखळते. ही अडचण पीडीपुरती नाही.

आता अनाथ संचांविषयी. कर्ता निवृत्त होतो, आवड बदलते, कधी माणूसच राहत नाही. 'प्रत्येकाने आपला संच आपण सांभाळावा' हे तत्त्व अशा वेळी कोलमडते. सांभाळणारा नसला की भांडारातील शेवटची आवृत्ती तेवढी उरते, एखाद्या कालबाह्य यंत्रासाठी बांधलेली. सायक्लोनची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. हा संच पोलंडचे क्रिस्तॉफ चाया यांनी लिहिला. पुढे ते त्यापासून दूर झाले. काही काळ पीडी-एक्स्टेंडेडच्या छायेत संच टिकला. ती छाया गेल्यावर त्याचे काय होणार असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा ब्राझीलचे अलेक्झांद्रे तोरेस पोरेस आणि त्यांचे सहकारी पुढे आले, मॅक्समधील मूळ वर्तनाशी घटक ताडून पाहिले, चुका दुरुस्त केल्या, नवे घटक जोडले आणि संच पुन्हा प्रवाहात आणला. पोरेस यांनी 'एल्स' नावाचा स्वतःचा मोठा संचही उभा केला आहे. कोणाची परवानगी मागण्यासाठी त्यांना कोणत्याही कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नाहीत. परवान्यानेच ती आधी दिलेली होती.

गंमत अशी की काळाचा लंबक पुन्हा गाठोड्याकडे झुकतो आहे. टिमथी शोएन यांची 'प्लगडेटा' ही पीडीवरच आधारलेली, देखण्या रूपाची आज्ञावली एल्स आणि सायक्लोन हे दोन्ही संच पोटात घेऊनच येते. शिकणाऱ्याला काही उतरवावे लागत नाही. पीडी-एक्स्टेंडेडची सोय परत आली, आणि तिच्यासोबत जुना धोकाही : येथे रचलेला पॅच मूळ पीडीत नेला की जे सोबत आले नाही त्याची चौकट तुटक. फरक इतकाच की आता संच निवडक आहेत, त्यांचे कर्ते जागे आहेत आणि तेच संच डेकेनच्या भांडारातही मिळतात. गाठोडे आणि भांडार एकाच वेळी नांदू शकतात. भांडार मात्र आधी हवे.

आपल्या संगीताचा या साऱ्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पीडीमध्ये स्वर म्हणजे एक संख्या. ती अपूर्णांकातही देता येते. बारा पट्ट्यांची चौकट सक्तीची नाही. श्रुतीचे सूक्ष्म अंतर, दोन स्वरांमधली मींड, षड्ज कुठेही लावण्याची मोकळीक, हे सारे तत्त्वतः शक्य आहे. विश्लेषणाच्या क्षेत्रातही एक दखलपात्र काम झाले. युरोपीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने बार्सेलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात २०११ ते २०१७ या काळात 'कॉम्पम्युझिक' प्रकल्प चालला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत त्याच्या केंद्रस्थानी असलेल्या परंपरांपैकी होते, आणि आयआयटी मुंबईतील प्रा. प्रीती राव यांचा गट त्यात सहभागी होता. अशा प्रकल्पांत लिहिलेली साधने बहुधा शोधनिबंधासोबत संशोधकाच्या संगणकावरच राहतात. येथे तसे होऊ दिले नाही. भारतीय कला-संगीताच्या विश्लेषणाची विखुरलेली साधने 'कॉम्पआयएएम' या नावाच्या एका मुक्त पायथन संचात एकत्र बांधण्यात आली. एका आज्ञेने तो संगणकावर उतरतो. निबंध वाचणारे थोडे असतात. संच बांधला गेल्यामुळे ते काम एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती पडू शकते.

उपस्थितांमध्ये सी भाषा येणारे तरुण-तरुणी निश्चित असतील. त्यांच्यासाठी या क्षेत्रात प्रवेशाचा मार्ग नवा संच लिहिण्यातूनच जातो असे नाही. डेकेनच्या भांडारात असे संच आहेत ज्यांचे मूळ लेखन शाबूत आहे, पण नव्या मॅकसाठी किंवा ६४ च्या पीडीसाठी बांधणी झालेली नाही. त्यातला एखादा घ्यावा. पीडी-लिब-बिल्डरने तो बांधून पाहावा. सोबतचे मदतीचे पॅच उघडून प्रत्येक घटक वाजतो का ते तपासावे, कारण बांधणी यशस्वी झाली म्हणजे घटक बरोबर चालतोच असे नव्हे. मूळ कर्त्याचा पत्ता लागत असेल तर आधी त्याला कळवावे. संचाचे नाव बदलू नये; आवृत्तीच्या आकड्यात मात्र आपली बांधणी वेगळी ओळखू येईल अशी खूण असावी. आणि या सगळ्याच्याही आधी, अगदी पहिल्यांदा, संचातील परवान्याची फाईल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.